रक्त द्यायचंय? मग जायच्या आधी हे वाचा

रक्तदान करायची इच्छा खूप जणांना असते पण कुठे जायचं, आधी काय खायचं, किती वेळ लागतो, सुई केवढी असते, कोणाचं घेत नाहीत, हे नीट कोणी सांगत नाही आणि मग ते राहूनच जातं. मी पुण्यात बरीच वर्षं नियमित रक्त देते, अलीकडे प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) पण देते, म्हणून म्हटलं सगळं एकदाच सविस्तर लिहावं. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे शिबिराची वाट बघू नका. सरळ ब्लड बँकेत जा आणि शक्य असेल तर अशा महिन्यात जा जेव्हा बाकी लोक जात नाहीत.

का ते सांगते. आपल्याकडे शिबिरं होतात ती शिवजयंतीला, १४ एप्रिलला, २६ जानेवारीला, गणपतीत, आणि नेत्यांच्या वाढदिवसाला. चांगलंच आहे, त्यातूनच भरपूर रक्त जमा होतं. पण रक्त साठवून ठेवायला मर्यादा असते. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, वेगळ्या केलेल्या लाल पेशी खास द्रावणात ४२ दिवस टिकतात, आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. म्हणजे एकाच आठवड्यात दहा शिबिरं झाली तर तेव्हा फ्रीज भरतात आणि दीड महिन्याने परत ठणठणाट. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन एवढं की शिबिर घ्यायला कोणी तयार नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत पण तीच गत. थॅलेसेमियाच्या (शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार) मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, मे असो की दिवाळी. बाळंतपणं, अपघात, कॅन्सरचे पेशंट, हे पण बारा महिने असतात. त्यामुळे पुरुषांना दर ९० दिवसांनी आणि बायकांना दर १२० दिवसांनी रक्त देता येतं हा जो नियम आहे ना, त्याचा उपयोग असा करा की एक खेप बरोबर मे मध्ये पडेल.

ब्लड बँक शोधायची तर ई-रक्तकोष नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे जिल्हा टाकला की जवळच्या रक्तपेढ्या दिसतात, कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते पण दिसतं. बोर्डवर हल्ली कुठे कुठे रक्तकेंद्र असं लिहिलेलं असतं, २०२० मध्ये नियमांमध्ये नाव बदललं म्हणून, जागा तीच. जाण्याआधी एक फोन करून वेळ विचारून घ्या, दुपारी जेवायच्या सुट्टीत पोचलात तर उगाच ताटकळावं लागतं.

आता कोणाला देता येतं. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देत असाल तर ६० च्या आत. वजन कमीत कमी ४५ किलो, त्यावर ३५० मिली घेतात, आणि ५५ च्या वर वजन असेल तर ४५० मिली घेऊ शकतात. हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त, हे पुरुषांना पण आणि बायकांना पण सारखंच. बीपी वरचं १०० ते १४० आणि खालचं ६० ते ९० च्या मध्ये हवं. थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून देता येत नाही असं बऱ्याच जणी धरून चालतात, पण रिपोर्ट नॉर्मल असतील तर चालतं. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचं पण तसंच, सगळं कंट्रोलमध्ये असेल आणि गेल्या चार आठवड्यांत डोस बदललेला नसेल तर तिथले डॉक्टर बघून ठरवतात. इन्सुलिन घेत असाल तर मात्र नाही.

थांबायला लागतं अशा गोष्टी बऱ्याच आहेत, सगळ्या पाठ करायची गरज नाही कारण फॉर्ममध्ये विचारतातच, पण नेहमी अडतं ते सांगते. टॅटू काढला किंवा नाक-कान टोचले की १२ महिने. दात काढला असेल तर सहा महिने. मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने, डेंग्यू-चिकनगुनिया नंतर सहा महिने, टायफॉइड नंतर वर्षभर. कुत्रा चावून रेबीजची इंजेक्शनं घेतली असतील तर एक वर्ष. मोठं ऑपरेशन झालं असेल तर एक वर्ष, छोटं असेल तर सहा महिने. बाळंतपणानंतर वर्षभर, आणि बाळ अंगावर पीत असेल तोपर्यंत नाहीच. पाळी चालू असतानाही घेत नाहीत, त्यामुळे तारीख बघून जा. सर्दी-ताप असेल तर पूर्ण बरं होऊ द्या. हिपॅटायटिस बी किंवा सी झालेला असेल तर कधीच देता येत नाही.

अजून एक जे लोकांना माहीतच नसतं. रात्रपाळी करून, झोप न घेता सकाळी तसंच थेट रक्त द्यायला जाऊ नका, नियमात बसत नाही आणि चक्कर यायची शक्यता पण जास्त. हिंजवडीत नाइट शिफ्ट करणारे कितीतरी जण सकाळी घरी जाताना जाऊ म्हणतात, हेतू खूप चांगला असतो पण आधी झोपा आणि मग दुसऱ्या वेळी जा. आणि एसटी-ट्रक चालवणारे, उंचावर काम करणारे, अशांनी पुढच्या ड्युटीच्या आधी निदान २४ तास मोकळे ठेवून मगच द्यायचं.

उपास असेल त्या दिवशी देऊ नका. हे मी ठासून सांगते कारण आपल्याकडे पुण्याच्या दिवशी पुण्याचं काम म्हणून संकष्टीला, एकादशीला किंवा नवरात्रात निर्जळी धरून रक्त द्यायला येणारी माणसं असतात. रिकाम्या पोटी देऊ नये असं नियमातच आहे. आदल्या रात्री नीट जेवा, नीट झोपा, सकाळी पोहे-उपमा-पोळीभाजी जे रोजचं असेल ते पोटभर खा, दोन-तीन तासांनी जा, आणि जायच्या आधी दोन ग्लास पाणी प्या. खूप तेलकट नको, कारण तेलकट खाल्लं की प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, दुधासारखा गढूळ दिसतो आणि तो वापरता येत नाही. आदल्या रात्री दारू नको.

बायकांचं हिमोग्लोबिन, याबद्दल थोडं जास्त लिहिते

आपल्याकडे रक्त द्यायला आलेल्या कितीतरी बायका टेबलावरूनच परत जातात, एचबी साडेअकरा, अकरा, कधी दहा. बिचाऱ्या हिरमुसतात आणि परत कधी येत नाहीत. माझं म्हणणं आहे की परत जाण्याचा तो दिवस फुकट गेला असं मानूच नका, उलट तुम्हाला फुकटात कळलं की शरीरात लोह कमी आहे. डॉक्टरांना दाखवा, गरज असेल तर गोळ्यांचा कोर्स घ्या, जास्त पाळी जात असेल तर त्याचं कारण शोधा. जेवणात नाचणी, बाजरी, हळीव, खजूर, मटकी, हिरव्या पालेभाज्या, मांसाहार करत असाल तर कलेजी. आणि वर लिंबू पिळा किंवा आवळा खा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. चहा जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर नको, निदान तासभर जाऊ दे, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. हे एवढं केलं तरी काही महिन्यांत फरक दिसतो. आणि एकदा साडेबाराच्या वर गेलात की वर्षातून तीनदा द्यायलाच पाहिजे असं काही नाही, दोनदा द्या, एकदा द्या. नियमित देणाऱ्यांनी मधून मधून फेरिटिन तपासून घ्यावं, हिमोग्लोबिन ठीक दिसत असलं तरी आतला लोहाचा साठा उतरलेला असू शकतो.

तिथे गेल्यावर काय होतं

आधी फॉर्म. लांबलचक असतो, कंटाळा न करता वाचा आणि खरं लिहा. त्यात लैंगिक संबंध, नशेची इंजेक्शनं, कावीळ, आजार असे प्रश्न असतात, लाज वाटते मान्य आहे, शेजारी ऑफिसमधला माणूस बसलेला असतो, पण हे खरं सांगणं हाच पेशंटचा सगळ्यात मोठा बचाव आहे. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्यासाठी तपासतात हे खरं, पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस असे असतात की रक्तात विषाणू असतो आणि टेस्टमध्ये सापडत नाही. त्याला विंडो पिरियड म्हणतात. म्हणून आपली टेस्ट फुकटात होईल एवढ्यासाठी रक्त देऊ नका. शंका असेल तर सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे सल्ला आणि तपासणी केंद्रात जा, एचआयव्हीची टेस्ट तिथे मोफत होते आणि कोणाला कळत नाही. काही बोलायचं असेल तर काउन्सेलरला एकट्याने बोलायचंय असं सांगा, बाजूला घेतात.

मग वजन, बीपी, आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन. काही ठिकाणी मशीनवर करतात, काही ठिकाणी अजून निळ्या मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकतात, थेंब पटकन बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे. खरं सांगायचं तर बोटाला टोचलेलं जास्त चुरचुरतं.

सुई जाड असते, बघून पोटात गोळा येतो, तर बघू नका, दुसरीकडे तोंड करा. टोचताना क्षणभर दुखतं, मग नाही. हातात एक बॉल देतात तो हळूहळू दाबत राहायचा, पाय ताणायचे-सैल सोडायचे, श्वास रोखून धरायचा नाही. पिशवी एका डुलणाऱ्या मशीनवर ठेवतात, आतल्या औषधात रक्त मिसळून गोठू नये म्हणून. साधारण आठ-दहा मिनिटांत संपतं. मधेच घाम फुटला, कानात गुं झालं, डोळ्यासमोर अंधारी आली तर लगेच सांगा, बहाद्दरी दाखवायची जागा नाही ही, ते बेडची पायाकडची बाजू वर करतात आणि दोन मिनिटांत बरं वाटतं.

झाल्यावर उठायची घाई करू नका. दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा, बिस्किट-कॉफी-सरबत देतील ते घ्या, संकोच करू नका. चक्कर बहुतेक वेळा उठून पटकन चालायला लागलं की येते. पट्टी चारेक तास ठेवा, त्या हाताने दिवसभर जड पिशव्या, सिलेंडर, पाण्याची कळशी काही उचलू नका, जिम त्या दिवशी बंद, पाणी भरपूर प्या, तासभर सिगरेट नको, दारू दुसऱ्या दिवसापर्यंत नको. टोचलेल्या जागी निळं-काळं पडलं तर पहिल्या दिवशी बर्फ लावा, आठवड्यात जातं. हात सुन्न पडला किंवा खूप सुजला तर ब्लड बँकेला फोन करा. पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशी भरायला काही आठवडे लागतात. महिनाभर अशक्तपणा येतो वगैरे जे सांगतात तसं तब्येत ठीक असलेल्या माणसाला होत नाही, पण त्या दिवशी थोडं थकल्यासारखं वाटू शकतं, लवकर झोपा.

प्लेटलेट्स

तुम्ही दिलेली एक पिशवी बहुतेक ठिकाणी मशीनमध्ये फिरवून वेगळी करतात. लाल पेशी अॅनिमिया आणि ऑपरेशनवाल्यांना, प्लाझ्मा भाजलेल्यांना आणि लिव्हरच्या पेशंटना, प्लेटलेट्स डेंग्यू आणि कॅन्सरवाल्यांना. म्हणून एका पिशवीने तिघांना मदत होते असं म्हणतात. पण एका पिशवीतून निघणाऱ्या प्लेटलेट्स फारच थोड्या असतात. तिथे दुसरा प्रकार येतो, ज्याला हॉस्पिटलमध्ये सगळे एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट्स) म्हणतात. यात तुमचं रक्त मशीनमध्ये जातं, मशीन प्लेटलेट्स काढून घेतं आणि बाकीचं सगळं तुम्हालाच परत देतं. एका माणसाच्या एसडीपीमध्ये साध्या पाच-सहा पिशव्यांएवढ्या प्लेटलेट्स निघतात, आणि पेशंटला सहा अनोळखी लोकांच्या ऐवजी एकाच माणसाचं मिळतं, त्यामुळे इन्फेक्शनचा आणि रिअॅक्शनचा धोका कमी होतो.

माझ्या मते ज्यांना वेळ काढता येतो आणि हाताच्या शिरा चांगल्या आहेत त्यांनी हे नक्की करावं, कारण करणारे फार कमी आहेत. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी लहान मुलांना ब्लड कॅन्सरच्या केमोमध्ये प्लेटलेट्स वारंवार लागतात, आणि टिकतात पाचच दिवस, म्हणजे साठवून ठेवता येतच नाहीत, कोणीतरी येऊन द्याव्याच लागतात. पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की मागणी अजून वाढते.

यासाठी वजन ५० किलोच्या वर, वय ६० पर्यंत, प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर, आणि आधीचे तीन दिवस अॅस्पिरिन घेतलेली नको. आधी सॅम्पल घेतात, काउंट, सगळ्या टेस्ट, शिरा बघतात, मग बसवतात, त्यामुळे एकूण तीन तास हाताशी ठेवून जा, मशीनवर साधारण एक ते दीड तास. आधी बाथरूमला जाऊन या. मशीन चालू असताना ओठाला, बोटांना मुंग्या येतात, थंडी पण वाजते, कारण रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात ते शरीरातलं कॅल्शियम थोडं खाली आणतं. सांगितलं की कॅल्शियमची गोळी देतात आणि वेग कमी करतात. जाताना एखादी शाल न्या, आणि आदल्या दिवसापासून दूध-दही जास्त घ्या.

लाल पेशी परत मिळत असल्याने तीन महिने थांबायला लागत नाही. साधं रक्त दिलं असेल तर २८ दिवसांनी प्लेटलेट्स देता येतात, आणि दोन प्लेटलेट दानांमध्ये निदान ४८ तासांचं अंतर, आठवड्यात दोनपेक्षा जास्त नाही, वर्षात २४ पेक्षा जास्त नाही. हा नियम झाला, इतक्यांदा कोणी द्यावं असं मी म्हणत नाही, महिन्याला एकदा दिलं तरी पुष्कळ.

बाकीचे प्रकार थोडक्यात. काही मोठ्या सेंटरमध्ये मशीनवर फक्त प्लाझ्मा किंवा फक्त लाल पेशी पण घेतात, ते बोलावतील तेव्हा जायचं. स्वतःच्याच ठरलेल्या ऑपरेशनसाठी आधी स्वतःचं रक्त काढून ठेवता येतं, दुर्मिळ गटवाल्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं. आणि स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी, ज्याची लोकांना उगाच भीती वाटते. नाव नोंदवताना फक्त गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. चेन्नईच्या दात्री किंवा बंगळुरूच्या डीकेएमएस फाउंडेशन इंडिया सारख्या संस्था हे करतात. एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणी रक्तगटापेक्षा कितीतरी अवघड, त्यामुळे कदाचित कधीच फोन येणार नाही. आला तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं घेऊन मग प्लेटलेट्ससारखंच मशीनवर बसायचं असतं, हाड-बिड कापत नाहीत. पण नोंद करण्याआधी घरच्यांशी बोलून पक्कं ठरवा, कारण नवीन पेशी घेण्यासाठी पेशंटला आधी औषधांनी तयार करतात, त्याची स्वतःची अस्थिमज्जा (हाडातला रक्त बनवणारा गर) संपवलेली असते, आणि त्या टप्प्यावर डोनर मागे फिरला तर त्याचा जीव जाऊ शकतो.

गटाबद्दल एक. आरएच निगेटिव्ह आपल्या देशात शंभरात साधारण पाच जण. ते असाल तर शिबिरात देऊन टाकण्यापेक्षा ब्लड बँकेत नंबर देऊन ठेवा आणि बोलावलं की जा. आणि बॉम्बे ब्लड ग्रुप हा आपल्या मुंबईतच १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला, भारतात साधारण दहा हजारात एकाला असतो. साध्या टेस्टमध्ये तो ओ सारखाच दिसतो पण या लोकांना ओ गटाचं रक्त चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं. एका शहरात दाता मिळाला नाही की दुसऱ्या राज्यातून माणूस प्रवास करून येतो. तुमचा गट ओ लिहिलाय आणि कधी क्रॉसमॅच (दात्याचं आणि पेशंटचं रक्त एकत्र करून जुळतं का बघायची टेस्ट) जुळत नाही असं सांगितलं गेलं असेल तर हे तपासून घ्या, आणि भावंडांचंही तपासा कारण ते आनुवंशिक आहे.

घरचा माणूस अॅडमिट असताना बदली डोनर (पेशंटला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा) आणा म्हणतात तेव्हा लोक गोंधळतात. रक्ताच्या बदल्यात पैसे देणारे-घेणारे, म्हणजे व्यावसायिक रक्तदाते, १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद आहेत. हॉस्पिटलच्या गेटवर कोणी डोनर मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका, ते रक्त कोणाचं आणि फॉर्ममध्ये तो काय लपवतोय ते कळायला मार्ग नाही. ब्लड बँक जे घेते ते तपासणीचे आणि साठवणुकीचे पैसे, त्याला सरकारने ठरवलेली मर्यादा आहे, पावती मागा. आणि सख्ख्या भावाचं-मुलाचं रक्त थेट पेशंटलाच द्या असा आग्रह धरू नका, जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे क्वचित गंभीर रिअॅक्शन होते, त्यामुळे ते किरणांनी प्रक्रिया करूनच द्यावं लागतं. नातेवाइकाने दिलेलं दुसऱ्याला जाऊ दे आणि पेशंटला अनोळखी माणसाचं मिळू दे, तेच सुरक्षित.

शेवटी व्हॉट्सअॅपवरचे मेसेज. बी निगेटिव्ह तातडीने हवंय असा मेसेज आला की फॉरवर्ड करायच्या आधी त्यातल्या नंबरवर फोन करा, कित्येकदा तो दोन वर्षांपूर्वीचा असतो. तुम्ही स्वतः लिहित असाल तर तारीख, हॉस्पिटल, गाव, गट, रक्त हवंय की एसडीपी, आणि कधीपर्यंत, एवढं लिहा, आणि गरज भागली की त्याच ग्रुपवर मिळालं म्हणून टाका, म्हणजे परगावाहून निघालेला माणूस वाटेतूनच मागे फिरेल आणि त्याचे ते ९० दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येतील.